सॅटेलाइटला डास दिसत नाहीत, मग साथीचा अंदाज कसा येतो?

सॅटेलाइट मोजतो समुद्राचं तापमान, पाऊस आणि जमिनीवरची हिरवळ. डासांमुळे येणाऱ्या साथीचा अंदाज यावरूनही बांधता येतो.

पूर्व आफ्रिकेतला रिफ्ट व्हॅली फिव्हर घ्या. हा आजार गुरं आणि शेळ्या-मेंढ्यांना होतो, त्यांच्याकडून माणसांनाही. त्याचा विषाणू एडिस डासांच्या अंड्यांत, कोरड्या मातीत वर्षानुवर्षं टिकतो. एल निनोच्या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भागही तापला, की तिथे धो धो पाऊस पडतो. सखल जागी पाणी साचतं, अंडी फुटतात आणि विषाणूसकट डास बाहेर पडतात. त्याच पावसाने गवतही वाढतं आणि ते सॅटेलाइट टिपतो.

२००६ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह याच खुणांवरून धोक्याचे नकाशे बनवले. इशारा साथीच्या २ ते ६ आठवडे आधी मिळाला. डिसेंबरमध्ये केनियात साथ उघड झाली आणि दीडशेहून जास्त माणसं दगावली.

मग इशारा वाया गेला का? नाही. त्यामुळे पथकं धोक्याच्या भागात लवकर पोहोचली. पण जनावरांचं लसीकरण साथ आल्यानंतर सुरू झालं. नकाशा वेळ मिळवून देतो, लस मात्र आधीच तयार ठेवावी लागते.