पुलाखालचं पाणी आणि पुलाबाजूचा भराव

मुक्ताईनगरहून बऱ्हाणपूरकडे निघालं की पूर्णा आडवी येते. चांगदेवला ती तापीला मिळते आणि पुढे हतनूरचे ४१ दरवाजे दोघींचं पाणी अडवतात. त्या फुगवट्याच्या काठाला उथळ पाणी, चिखल, मधेच कुणाची गाळपेर. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या उतरतात ते याच पट्ट्यात.

अशा ठिकाणी पूल झाला की आपण खांब मोजतो. खांब बिचारे फार जागा खात नाहीत. खरी गोची दोन्ही टोकांच्या भरावात असते. पूल लांबवला की खर्च वाढतो, म्हणून पात्रापुरता पूल आणि काठच्या सखल भागात मातीचा भराव, ही आपली जुनी काटकसर. पूर मात्र पात्रापुरता राहत नाही. भरावापाशी पाणी एका अंगाला तुंबतं, दुसऱ्या अंगाची पाणथळ तहानेली राहते. उरलेला लोंढा पुलाखालच्या अरुंद वाटेनं धावतो आणि खांबांच्या पायाशी तळ खरवडतो. पाणथळीला जे बाधतं, ते पुलालाही बाधतं! उपाय साधा आहे: पुलाचे दोन-चार गाळे वाढवा, भरावाखाली जमिनीच्या पातळीला रुंद मोऱ्या ठेवा.

दुसरं दुखणं हंगामाचं. तापी असो की पूर्णा, भर पावसात पात्रात कोण उतरणार? काम दिवाळीनंतर सुरू होतं, नेमके पाहुणे पक्षी आल्यावर. उन्हाळ्याच्या तोंडाशी नदी सुरय वाळूच्या बेटावर उघड्यावरच अंडी घालतो. भोवतीचं पाणी हीच त्याची राखण. यंत्रं न्यायला मुरूम टाकून रस्ता केला की बेट काठाला जोडलं जातं. दिवसा त्यावरून डंपर जातात, रात्री कुत्री.

मुरुमाच्या रस्त्याला पर्याय मुंबईत दिसला. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीच्या चिखलातून जातो. तिथे फ्लेमिंगो चरतात. बांधकामासाठी तिथे लोखंडी तात्पुरता पूल उभारला होता. असा पूल काम संपल्यावर काढून नेता येतो. एवढा पैसा आपल्या जिल्हा रस्त्याला मिळणार नाही, मान्य. पण मोऱ्या ठेवायला आणि टाकलेला मुरूम परत उचलायला मुंबईचं बजेट लागत नाही.

गावात पुलाचं भूमिपूजन झालं तर नारळ फुटण्याआधी दोनच गोष्टी विचारा: भराव किती मीटरचा, आणि मृगाआधी मुरूम कोण उचलणार?