गळ्याचं मुद्दल जपणारी गायिका : लिओंटिन प्राइस

बचत गटात आपण मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब ठेवतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आज आम्ही ज्या गायिकेविषयी सांगणार आहोत, त्यांनी हाच नियम आपल्या गळ्याला लावला. त्यांचं नाव लिओंटिन प्राइस. अमेरिकेतल्या या कृष्णवर्णीय गायिका ऑपेराच्या जगात फार मोठ्या झाल्या. काय गायचं आणि कशाला नाही म्हणायचं, हे त्यांना नेमकं कळत होतं.

आधी दोन शब्द समजून घेऊ. ऑपेरा म्हणजे युरोपातलं संगीत नाटक. आपल्या संगीत नाटकात संवाद बोलतात आणि मधे पदं गातात. ऑपेरात बहुतेक सगळंच गाऊन सांगतात. भांडण, निरोप, मरणसुद्धा. समोर वादकांचा मोठा ताफा वाजत असतो, आणि गाणाऱ्यांपुढे माइक नसतो. हजारो माणसांच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, तो फक्त श्वासाच्या आणि तालमीच्या जोरावर. बायकांच्या आवाजांपैकी सगळ्यांत उंच पट्टीत गाणारा आवाज म्हणजे सोप्रानो. त्यातही प्रकार आहेत. काही आवाज हलके आणि चपळ, काही भरदार. लिओंटिनबाईंचा आवाज भरदार होता आणि वरच्या सुरात मोकळा व्हायचा. जुवार जमीन वेगळी आणि भाताची वेगळी, तसंच प्रत्येक आवाजाला मानवणारी भूमिका वेगळी असते.

लिओंटिनचा जन्म १० फेब्रुवारी १९२७ चा, मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावचा. वडील लाकडाच्या कारखान्यात कामाला होते. आई सुईण होती आणि चर्चमध्ये गायची. त्या काळी तिथे गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या. पोरीला संगीताची ओढ आहे हे आईवडिलांनी ओळखलं. घरातला ग्रामोफोन देऊन त्यांनी पियानोचा पहिला हप्ता भागवला. शाळेत असताना तिनं मॅरियन अँडरसन या थोर कृष्णवर्णीय गायिकेचं गाणं ऐकलं आणि आपणही असं गाऊ शकतो, हे तिच्या मनानं घेतलं.

तरी कॉलेजात ती गेली ती संगीत शिक्षिका व्हायला, कारण त्यात नोकरीची खात्री होती. तिचा आवाज ऐकून शिक्षकांनी गाण्याकडे वळवलं. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीत विद्यालयात शिकायला शिष्यवृत्ती मिळाली, पण राहण्याखाण्याचा खर्च होताच. प्रसिद्ध गायक पॉल रोब्सन यांनी तिच्या मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम केला. गावातल्या एका सधन गोऱ्या कुटुंबानंही हातभार लावला. तिथे फ्लॉरेन्स पेज किंबल या गुरू मिळाल्या.

१९५२ मध्ये ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरात बेसची मोठी भूमिका मिळाली. ही कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली गोष्ट होती, म्हणून कृष्णवर्णीय गायकांना त्यात काम मिळायचं. इतर ऑपेरांची दारं त्यांना सहसा बंद असत. लिओंटिनबाईंनी युरोप-अमेरिकेत ही भूमिका गाजवली, पण त्यांना तिथेच थांबायचं नव्हतं. १९५५ मध्ये अमेरिकी टीव्हीवर त्यांनी पुचिनी यांच्या ‘तोस्का’मध्ये नायिकेचं काम केलं. दक्षिणेतल्या काही केंद्रांनी तो कार्यक्रम दाखवलाच नाही.

पुढे सॅन फ्रान्सिस्को, व्हिएन्ना, मिलानचं ला स्काला अशी मोठी रंगमंदिरं त्यांनी जिंकली. तिथे त्यांची हुकमी भूमिका होती व्हेर्दी यांची ‘आयदा’. आयदा ही इजिप्तमध्ये गुलाम झालेली इथिओपियाची राजकन्या.

आता तो नकार ऐका. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यांत मानाचं रंगमंदिर. तिथून आयदासाठी बोलावणं आलं, आणि बाईंनी नाही म्हटलं. त्यांच्या एका जाणत्या सल्लागाराचं म्हणणं असं, की या घरात पहिलं पाऊल गुलामाच्या वेशात टाकायचं नाही. विचार करा, अशी संधी पुन्हा येईलच असं कुणी लिहून दिलेलं नव्हतं. त्या थांबल्या. २७ जानेवारी १९६१ ला त्या तिथे पहिल्यांदा उभ्या राहिल्या, त्या व्हेर्दी यांच्याच ‘इल त्रोव्हातोरे’मध्ये लिओनोरा या उच्चकुलीन स्त्रीच्या भूमिकेत. पडदा पडल्यावर सुमारे ४० मिनिटं टाळ्या थांबल्या नाहीत.

पण गळ्याचा हिशेब कीर्तीमुळे सुटत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुचिनी यांच्या पश्चिम अमेरिकेतल्या खाणकामगारांवरच्या ऑपेरात त्या मिनी नावाच्या नायिकेचं काम करत होत्या. वर्षभर कामाचा ताण होता आणि ही भूमिका गळ्याला जड होती. एका प्रयोगात मधेच आवाज गेला. त्यांनी शब्द जवळजवळ बोलून तो अंक कसाबसा संपवला आणि पुढचा अंक दुसऱ्या गायिकेनं केला. बाईंनी काही काळ विश्रांती घेतली आणि मग पुन्हा उभ्या राहिल्या.

आवाजाला मानवणाऱ्या भूमिकांचा पाया त्यांनी पक्का केला. व्हेर्दी, पुचिनी आणि मोत्सार्ट यांच्या नायिका हे त्यांचं मुख्य पीक. १६ सप्टेंबर १९६६ ला मेट्रोपॉलिटनची नवी इमारत उघडली, तेव्हा सॅम्युएल बार्बर यांच्या नव्या ऑपेरात राणी क्लिओपात्रा झाल्या त्या लिओंटिनबाई. १९७० नंतर त्यांनी ऑपेराचे प्रयोग कमी केले आणि एकट्यानं गायच्या मैफली वाढवल्या. त्यात जर्मन आणि फ्रेंच गीतं असायची, अमेरिकन संगीतकारांची नवी गाणी असायची, आणि गुलामीच्या काळात जन्मलेली कृष्णवर्णीयांची भक्तिगीतंही. आईच्या चर्चमधला सूर त्यांनी मोठ्या सभागृहांत मानानं नेला.

३ जानेवारी १९८५ ला त्यांनी ऑपेराच्या रंगमंचाचा निरोप घेतला, तो आयदा गाऊनच. आता ती भूमिका त्यांना कुणी नेमून दिलेली नव्हती. तेव्हा त्या ५७ वर्षांच्या होत्या आणि आवाज शाबूत होता. त्यानंतरही १९९७ पर्यंत त्या मैफली करत राहिल्या.

आपल्यापैकी कुणाचे हात, कुणाचे डोळे, कुणाची कंबर हेच भांडवल असतं. पडेल ते काम अंगावर घेताना ते किती झिजतं, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. गटाच्या पुढच्या बैठकीत या विषयावर जरूर बोला. आणि लिओंटिनबाईंनी गायलेलं आयदाचं मायदेशाच्या आठवणीचं गाणं कुणाच्या मोबाइलवर मिळालं, तर सगळ्या मिळून ऐका. भाषा कळणार नाही. बाई श्वास कुठे घेतात, आणि तो किती लांबवर पुरवतात, तेवढ्याकडे लक्ष द्या.