ओढा की नाला?

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. ऋषीच्या कुळाकडे आम्ही वळत नाही. पण नदीचे मूळ शोधीत गेले, तर वाटेत बहुधा एखादा ओढाच भेटतो. आज त्या लहानशा शब्दाचाच विचार करावयाचा आहे.

ओढा म्हणजे लहान नदी, असे उत्तर चटकन येईल. पण लहान म्हणजे किती? आपल्या शहराच्या उत्तरेचा एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला, तो आदिला नदीवर. ही आदिला काही मोठी नव्हे. तरी ती नदीच. तेव्हा भेद केवळ मापाचा नाही, मानाचाही आहे. नदीला स्वतःचे नाव असते, लोक तिची ओटी भरतात. ओढा मात्र गावाच्या, मळ्याच्या किंवा काठच्या झाडाच्या नावाने ओळखला जातो.

या कुळातले शब्द मराठीत पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचे काम निराळे आहे. जमिनीतून पाझरतो तो झरा. पावसाचे पाणी उतारावर माती कोरून बारीक वाट करते ती ओघळ. डोळ्यांतले पाणी गालांवर ओघळते ते याच नात्याने. त्याहून मोठा ओहोळ, आणि त्याहून मोठा ओढा. माणसाने शेतासाठी काढून नेला तो पाट. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात वहाळ आणि वोहळ जोडीने आले आहेत. गंगेला मिळेपर्यंतच त्यांचे वेगळेपण, असा तेथला दृष्टान्त आहे. यांतला वहाळ आज दक्षिण कोकणात व्हाळ म्हणून नांदतो. आपल्या सोलापुरात तर याच वाहत्या पाण्याला कानडी घरात हळ्ळ म्हणतात आणि तेलुगू घरात वागू.

‘मुलाचा ओढा गाण्याकडे आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात उताराकडे धावणारे पाणीही हलून जाते. इतका हा शब्द आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

आता नाला. नळ, नळी, नाली यांच्या घराण्यातला हा शब्द मुळात मुळीच हलका नाही. खेड्यात नाल्याला बांध घालतात, नाला खोल करतात, ते पाणी मुरावे म्हणून. आपल्यासारख्या अवर्षणी जिल्ह्यात ते पुण्यकर्मच होय. पण शहराच्या वेशीत शिरताच या शब्दाचा अर्थ घसरतो. पावसाळ्याआधी नालेसफाई होते. ‘ओढेसफाई’ असे कोणी म्हणत नाही, कारण नाला म्हणजे घाण वाहण्याची जागा हे आपण गृहीतच धरले आहे. शब्द बदलल्यामुळे ओढा घाण झाला असे नव्हे. सांडपाणी सोडले गेले म्हणून शब्द घसरला. पण एकदा घसरलेला शब्द पुढच्या घाणीला परवाना देतो. ओढ्यात भराव टाकावयाला हात कचरतो, नाल्यात टाकावयाला कचरत नाही.

कायद्याने मात्र असा पंक्तिप्रपंच केलेला नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमात नद्यांच्या बरोबरीने ओढे आणि नाले यांची पात्रेही शासनाची मालमत्ता मानली आहेत. कोणा व्यक्तीचा हक्क शाबीत असेल तेवढाच अपवाद. म्हणजे पात्र हे पात्रच, मग नाव काहीही असो.

पाण्यालाही हा भेद कळत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने पात्र सोडले. अशा वेळी पाणी आपली जुनी वाट विचारीत येते, आणि तेथे भिंत दिसली तर घरात शिरते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या पेठेतून, वसाहतीतून जो नाला वाहतो, त्याचे जुने नाव वडीलधाऱ्यांना विचारावे. ते मराठी असो, कानडी असो की तेलुगू. ते पुलावर लिहावे, मुलांना सांगावे. ज्याला नाव आहे, त्याला बुजविणे जड जाते.