तीन लाइफ आणि एक पिवळी कॅसेट

१३ सप्टेंबर २०२५ रोजी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या जपानी व्हिडिओ गेमला चाळीस वर्षे पूर्ण झाली. तो खेळत वाढलेली पिढी आता पालक झाली असून, ते जुने अवघड खेळ आजच्या मुलांच्या हाती द्यावेत की नाहीत, या प्रश्नाचे तिचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते: जुन्या खेळांनी चिकाटी लावली, मोबाइलने ती घालवली. सोलापुरातील ज्या उन्हाळी सुट्ट्यांचा दाखला देऊन हे सांगितले जाते, त्या मात्र जरा जवळून पाहायला हव्यात.

ऐंशीच्या दशकाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. मारिओ ज्यावर खेळला जाई ते निन्टेन्डो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १९८३ मध्ये जपानात निघाले. सोलापूरच्या घरांत त्याच्या स्वस्त नकला पोचल्या त्या नव्वदच्या दशकात, टीव्हीला वायरीने जोडायचा डबा, दोन रिमोट आणि पिवळी कॅसेट अशा रूपात. कॅसेट म्हणजे खेळाचा प्रोग्रॅम ज्यातील चिपवर कायमचा साठवलेला असे ती चपटी डबी. तिच्यावर हजारो खेळांचा आकडा छापलेला असला, तरी आत मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा फिरत, आणि त्या फसवणुकीची दाद कुणाकडे मागायची हे कुणालाच ठाऊक नव्हते. छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून जॅकार्ड मागावर चादरीची नक्षी उमटवणाऱ्या शहराला साठवलेल्या आज्ञांवर चालणारे यंत्र नवे वाटू नये. पण हा संबंध तेव्हा कुणी मुलांना सांगितल्याचे दिसत नाही.

त्या खेळांच्या अवघडपणात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या आणि आठवणींत त्या एकच होऊन बसल्या आहेत. मारिओच्या पहिल्याच स्टेजमध्ये समोरून चालत येणारा तपकिरी गूम्बा गप्प उभ्या राहणाऱ्याचा जीव घेतो, आणि त्यानंतर चौकटीतून निघालेले मशरूम पाइपवर आपटून खेळणाऱ्याकडेच परत येते. म्हणजे चूक का झाली आणि बक्षीस कशाला म्हणायचे, हे एका शब्दाशिवाय समजते. हा अवघडपणा शिकवणारा होता. ‘कॉन्ट्रा’ या दुसऱ्या खेळाचा मात्र मूळचा अवतार १९८७ मधील नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा, ज्यात खेळणारा लवकर मेला तरच पुढचे नाणे पडे. शिवाय मारिओचा सगळा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला असल्याने, थोडक्या सामग्रीवर मुलांचे महिने काढायचे तर पुन्हा पुन्हा मरायला लावण्यावाचून इलाज नव्हता. गल्ल्याच्या आणि जागेच्या या हिशोबाला संस्कार म्हणण्याचे कारण नाही.

सोलापुरात त्यात आणखी एका अडचणीची भर पडे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की दुपारी मुलांना बाहेर सोडत नसत. शहराच्या पूर्व भागात शेजारच्या मागांची खटखट चालू असताना पाच-सहा पोरे एका टीव्हीपुढे बसत, आणि सातव्या वर्ल्डपर्यंत मजल मारलेला मारिओ लाइट गेली की थेट पहिल्या वर्ल्डवर येई, कारण त्यात खेळ सेव्ह करण्याची सोयच नव्हती. मग कॅसेट काढून तळाशी फुंकर मारायची, आणि लाइट येईपर्यंत पुढचा चान्स कुणाचा यावरून भांडायचे. ज्यांनी तेव्हा ‘डोळे जातील, अभ्यास बुडेल’ म्हणून वायर कपाटात लपवली, त्याच घरांत आता या दुपारींना एकाग्रतेचे शिक्षण म्हटले जाते. रिमोट भावांच्या हातून क्वचितच सुटला, म्हणून बहिणींच्या वाट्याला आले ते पाहत बसणे, हे मात्र त्या आठवणींत येत नाही.

आजच्या मुलांना हे खेळ झेपणार नाहीत, हे म्हणणे मुळात चुकीचे आहे. ती त्याहून गुंतागुंतीचे खेळ खेळतात. अडचण आहे ती खेळ ज्या रूपात हाती येतो त्याची. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर बटणाचा उंचवटा बोटाला लागत नाही, त्यामुळे मारिओची उडी चुकली तर चूक मुलाची की काचेची हे कळत नाही. खुद्द निन्टेन्डोने २०१९ पासून आपल्या ऑनलाइन सेवेत जुने खेळ मागे फिरवण्याची सोय दिल्यामुळे खड्ड्यात पडलेला मारिओ काठावर परत आणता येतो, आणि मग खेळाच्या सुरुवातीला मिळणाऱ्या तीन लाइफना काही किंमत उरत नाही. उलट आजचे अनेक फुकट खेळ अवघड जागी थांबवून पैसे मागतात. नाणे टाकायची ती जुनी फट आता पालकांच्या फोनमध्ये आहे.

म्हणून दहा वर्षांच्या मुलाला जुना खेळ द्यायचा असेल, तर तो टीव्हीला जोडून आणि दोन रिमोटांसह द्यावा. ‘कॉन्ट्रा’च्या तिसऱ्या, धबधब्याच्या स्टेजवर दोघांना वर चढायचे असते आणि पडदा पुढच्याबरोबर वर सरकतो, मागे राहिलेला पडद्याबाहेर गेला की मरतो. तिथे थांबायचे की चढायचे, यावरून सोलापुरातल्या कितीतरी दुपारी भांडणे झाली, कारण खाली अडकलेला भिडू शेजारीच मांडी घालून बसलेला असे.