विज्ञानाची वाट सोडताना

दहावीचा निकाल लागला म्हणजे घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलाने पुढे काय घ्यावे? बीदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूर आणि त्याच्या आसपासची गावे याला अपवाद नाहीत. एका बाजूस कलबुर्गी जिल्ह्याची हद्द, दुसऱ्या बाजूस महाराष्ट्र, घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि पुढच्या शिक्षणात बहुधा इंग्रजी, अशी येथील विद्यार्थ्याची स्थिती असते. तरी प्रश्नाचे उत्तर मात्र सर्वत्र ठरल्यासारखेच असते. गुण बरे असतील तर विज्ञान. नसतील तर वाणिज्य किंवा कला. जणू वाणिज्य ही विद्या नसून उरलेल्यांसाठी राखलेली ओसरी आहे!

खरी अडचण दोन-तीन महिन्यांनी उघडकीस येते. भौतिक आणि रसायन इंग्रजीतून समजत नाही, गणिताची धास्ती वाटू लागते, आणि मुलगा किंवा मुलगी दबल्या आवाजात म्हणते, “मला विषय बदलायचा आहे.” घरच्यांना तो पराभव वाटतो. वास्तविक तो एक व्यवहाराचा प्रश्न आहे आणि व्यवहाराच्या रीतीनेच सोडवला पाहिजे.

प्रथम रचना समजून घ्यावी. कर्नाटकात दहावीनंतरच्या दोन वर्षांना पदवीपूर्व शिक्षण, लोकांच्या तोंडी पी. यू. सी., म्हणतात. विद्यार्थ्यास दोन भाषा आणि चार ऐच्छिक विषय घ्यावे लागतात. वाणिज्य शाखेत लेखाशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन हे मुख्य विषय असून त्यांच्या जोडीला अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र, इतिहास अथवा मूलभूत गणित यांपैकी महाविद्यालयात जे शिकवले जातात ते घेता येतात. भाषांच्या यादीत मराठीही आहे. मात्र ती शिकवणारा अध्यापक त्या महाविद्यालयात आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

शाखा बदलण्याचे मार्ग तीन. पहिला, पहिल्या वर्षाच्या आरंभीच, प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी प्राचार्यांकडे अर्ज करून बदल करणे. यात फारसे काही जात नाही; थोडा मागे पडलेला अभ्यास भरून काढला की झाले. दुसरा, पहिले वर्ष संपल्यावर बदलणे. लेखाशास्त्राचा अभ्यास दोन वर्षांत पायरीपायरीने चढत जातो. पहिली पायरी न चढता दुसरीवर उभे राहता येत नाही. म्हणून साधारणपणे पहिले वर्ष पुन्हा करावे लागते आणि एक वर्ष खर्ची पडते. तिसरा मार्ग पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विज्ञान घेऊनच बारावी पूर्ण करावी आणि पदवीला बी. कॉम.कडे वळावे. बहुतेक विद्यापीठांत अशा विद्यार्थ्यास प्रवेश मिळतो. उलट दिशेने मात्र वाट बंद आहे : वाणिज्य घेऊन बारावी झालेल्यास अभियांत्रिकी किंवा वैद्यकाकडे जाता येत नाही.

वर्षाची किंमत सर्व घरांत सारखी नसते. सुखवस्तू घरात ती केवळ एका वर्षाची असते. शेतमजुराच्या घरात ती खोलीचे भाडे, बसचा पास आणि घरात न आलेली मजुरी यांची असते. मुलीच्या बाबतीत तर एक वर्ष गेले की पुष्कळ घरांत शिक्षणच थांबवण्याची भाषा सुरू होते. म्हणून निर्णय जितका लवकर, तितका स्वस्त.

मात्र केवळ नापास होण्याच्या भीतीने शाखा बदलणे शहाणपणाचे नाही. कर्नाटकात द्वितीय वर्षाची परीक्षा एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा देण्याची संधी मिळते. एका परीक्षेतील अपयश म्हणजे वर्ष गेले असे आता नाही. शिवाय अडचण विषयाची आहे की इंग्रजीची, हे तपासून पाहावे. अडचण इंग्रजीची असेल, तर ती लेखाशास्त्राच्या वर्गातही पाठोपाठ येईल.

मग वाणिज्यात शिकवतात तरी काय? समजा, एका शेतकऱ्याने दहा क्विंटल तूर सात हजार रुपये भावाने विकली. एकूण 70,000 रुपये झाले. विक्रीखर्चाचे 3,000 आणि आधी घेतलेल्या उचलीचे 20,000 वजा होऊन हाती 47,000 आले. उत्पन्न किती? पुष्कळ जण 47,000 म्हणतील. पण उचलीची फेड हा खर्च नव्हे. ते डोक्यावरचे कर्ज उतरले. खर्च वजा जाता विक्रीचे 67,000 झाले आणि त्यातून बी, खत व मजुरी वजा केल्यावरच नफा कळेल. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांचे शास्त्र हा भेद शिकवते. 1494 साली व्हेनिस येथे लुका पाचोली याने दुहेरी नोंदीची ही पद्धत आपल्या ग्रंथात छापली. आजची बँक आणि आजचा कारखाना तिच्यावरच चालतो. तुरीच्या प्रदेशात हे शास्त्र परके वाटण्याचे कारण नाही.

गणित टाळण्यासाठी वाणिज्य घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 1949 च्या कायद्याने स्थापन झालेल्या सनदी लेखापालांच्या संस्थेची पहिली परीक्षा बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास देता येते. पण तिच्या चार प्रश्नपत्रिकांपैकी एकीत गणित, तर्क आणि संख्याशास्त्र असते. विज्ञानात घेतलेले गणित येथे कामास येते. ते फुकट जात नाही.

महाराष्ट्रातील लातूर, उदगीर किंवा सोलापूरकडे जाणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. राज्यघटनेच्या 371 (जे) कलमान्वये कल्याण कर्नाटकातील विद्यार्थ्यांना शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण आहे आणि त्याला स्थानिकत्वाच्या अटी आहेत. राज्य बदलण्यापूर्वी त्या अटी तालुक्याच्या कचेरीत समजून घेणे हिताचे.

तात्पर्य, मुलाने तोंड उघडताच रागावू नये. त्याच्यासह महाविद्यालयात जावे, मुदत विचारावी, लेखाशास्त्राचे पुस्तक आठवडाभर घरी आणून त्याला वाचू द्यावे आणि मग तिन्ही मार्गांचा जमाखर्च एका कागदावर मांडावा. तो कागद प्रामाणिकपणे लिहिला, तर वाणिज्याचा पहिला धडा घरातच झाला असे समजावे.