इराणच्या शहांसाठी घडलेली मासेराटी

इटलीतील मोदेना येथील मासेराटी कंपनीने १९५९ ते १९६६ या काळात ‘५००० जीटी’ या नावाच्या जेमतेम ३४ मोटारी तयार केल्या. राजे आणि उद्योगपतींसाठी घडविलेल्या या मोटारीचा जन्म मात्र शर्यतीतील अपयशातून झाला.

साडेचार लिटर क्षमतेचे, आठ सिलिंडरचे इंजिन असलेली ‘४५० एस’ ही मासेराटीची शर्यतीची मोटार १९५७ मध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेत होती. त्या हंगामाच्या अखेरीस काराकास येथील शर्यतीत कंपनीच्या मोटारी अपघातांत नष्ट झाल्या आणि अजिंक्यपद फेरारीकडे गेले. त्यातच १९५८ पासून इंजिनाच्या क्षमतेवर तीन लिटरची मर्यादा आली. आर्थिक अडचणीतील मासेराटीने शर्यतींतून माघार घेतली. हे बलाढ्य इंजिन निरुपयोगी ठरले.

याच सुमारास इराणचे तत्कालीन शहा महंमद रझा पेहलवी यांनी कंपनीकडे एका असाधारण मोटारीची मागणी केली. मुख्य अभियंता जुलिओ आल्फिएरी यांनी ते इंजिन सुमारे पाच लिटरपर्यंत वाढवून ‘३५०० जीटी’च्या सांगाड्यावर बसविले. मिलानच्या तुरिंग या संस्थेने पोलादी नळ्यांच्या हलक्या चौकटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून तिची बॉडी बांधली. ही मोटार ‘शा दी पेर्सिया’, म्हणजे ‘पर्शियाचे शहा’, या नावाने ओळखली गेली.

भारतात ट्रकच्या चासिसवर स्वतंत्र कारखान्यात बॉडी बांधली जाते, तशीच पद्धत तेव्हा इटलीत उंची मोटारींसाठी रूढ होती. त्यामुळे यंत्रणा एकच असली, तरी ५००० जीटीची रूपे अनेक झाली. सर्वाधिक, म्हणजे २२ मोटारी तुरिनच्या अलेमानो कारखान्यात जोव्हानी मिकेलोत्ती यांच्या आराखड्यानुसार घडल्या. फियाटचे जानी आन्येली यांची मोटार पिनिनफारिनाने, तर आगाखान यांची फ्रुआने सजविली.

पुढे सांगाडा आणि बॉडी एकसंध असलेल्या मोटारींचा प्रसार झाला. वेगळी बॉडी चढविण्यास वावच उरला नाही आणि हे कारखाने एकेक करून मागे पडले. ५००० जीटीची निर्मिती थांबली, त्याच १९६६ मध्ये तुरिंगचे कामही बंद झाले. १९७९ च्या क्रांतीत शहांची सत्ता गेली. पुढे पुनरुज्जीवित झालेल्या तुरिंगने २०१८ मध्ये जिनिव्हा येथील प्रदर्शनात मासेराटीवर आधारित नवी मोटार सादर केली, तेव्हा तिला दिलेले नाव मात्र तेच होते: ‘शा दी पेर्सिया’.