औषध बदलाचे आठवडे

द्विध्रुवीय विकार, म्हणजे अतिउत्साह (उन्माद) आणि खिन्नता या दोन टोकांमध्ये मन हेलकावत राहण्याचा आजार, मुलांत आढळतो तेव्हा मनाचा तोल टिकवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांना मूड स्टॅबिलायझर म्हणतात. ही औषधे सुरू होण्यापेक्षा ती बदलली जाण्याचा काळ घराला बहुधा जड जातो. कारण जुन्या गोळीचा अंमल ओसरत असतो, नवी अजून पुरती लागू पडलेली नसते, आणि मधल्या आठवड्यांत मुलाची चिडचिड आजाराची, औषधाची की वयाची, हे तज्ज्ञांनाही चटकन ओळखता येत नाही.

ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादावरील लिथियमचा उपयोग १९४९ साली प्रसिद्ध केला आणि ते औषध आजही वापरात आहे. मात्र त्याची उपकारक आणि अपायकारक मात्रा यांत अंतर थोडे असते. रक्तातील पातळी साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट राखावी लागते, म्हणून डोस बदलल्यावर सुमारे ५ ते ७ दिवसांनी, आणि तेही शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, रक्त तपासतात; सकाळी सवयीने आधी गोळी देऊन मग प्रयोगशाळेत नेले, तर अहवालातला आकडा फसवा येतो. लिथियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि अंगातले पाणी किंवा मीठ घटले की साचू लागते; त्यामुळे जुलाब-उलट्या, उन्हातला खेळाचा सराव, निर्जळी उपवास, किंवा अंगदुखीवर घरच्या डब्यातून दिलेली आयबुप्रोफेनची गोळी यांतून पातळी चढू शकते. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणे जड झाले, तर पुढचा डोस न देता मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

लॅमोट्रिजिन या दुसऱ्या मूड स्टॅबिलायझरचे पथ्य वेगळे. त्याने क्वचित त्वचेचा गंभीर, जिवावर बेतणारा विकार होऊ शकतो, म्हणून मात्रा आठवड्याआठवड्याने चढवतात. सोबत व्हॅल्प्रोएट हे आणखी एक मूड स्टॅबिलायझर असेल तर लॅमोट्रिजिनची पातळी वाढते आणि ही चढण आणखी संथ ठेवावी लागते. अंगावर पुरळ दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. पाच-सहा दिवस गोळी चुकली असेल, तर पूर्वीचाच डोस एकदम सुरू न करता आधी त्यांना विचारावे. गर्भावर होणाऱ्या परिणामांमुळे वयात येणाऱ्या मुलींना व्हॅल्प्रोएट देण्याचे शक्यतो टाळतात.

या काळात पालकांच्या हातातले सर्वांत उपयोगी साधन म्हणजे साधी नोंदवही. तीत पहिला रकाना झोपेचा असावा, कारण चार तास झोपून मूल दमलेले उठते की ताजेतवाने होऊन नव्या योजना सांगत सुटते, या दोन सकाळींत मोठा फरक असतो, आणि दुसरी सकाळ उन्मादाची पहिली खूण ठरू शकते. रोज संध्याकाळी एकच ओळ मुलाकडून लिहून घ्यावी. अक्षराच्या कडा कापऱ्या होऊ लागल्या तर थरथर केव्हा सुरू झाली हे वहीच सांगते. भूक, तहान, वजन आणि शाळेतून आलेली तक्रार यांची नोंद तारखेसह, पण शेरा न मारता करावी, कारण ‘आज फार हट्टीपणा केला’ या वाक्यापेक्षा ‘सायंकाळी ५ ते ७ रडला, जेवला नाही’ हे डॉक्टरांच्या अधिक कामी येते.

मूल चार दिवस शांत दिसले म्हणून नातेवाइकांच्या आग्रहावरून गोळ्या परस्पर बंद करणे ही या काळातली सर्वांत महागात पडणारी चूक होय. लिथियम एकदम थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून ते टप्प्याटप्प्याने, बहुधा काही आठवडे ते काही महिन्यांत, उतरवले जाते. शाळेतील एका विश्वासू शिक्षकाला बदलाची तारीख, पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची आणि वर्गातून उठून जाण्याची मुभा, एवढे सांगितले तरी पुरते. मुलाच्या वयाला पेलेल अशा शब्दांत औषधाचे नाव आणि बदलाचे कारण त्यालाही सांगावे, आणि वहीतला एक रकाना त्याने स्वतःच भरावा. पोटात मळमळते, डोके जड वाटते, चित्र काढावेसे वाटत नाही, या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत आणि त्या केवळ त्यालाच ठाऊक असतात.